निळं बटण

माझा कोट डोलिना घालते.
मोहरीच्या रंगाचा, लोकरीचा, गुडघ्याखाली येणारा.
चौथं बटण निळं.
मूळचं हरवलं तेव्हा मर्डॉकच्या बोटीवरच्या जाकिटाचं काढून
मीच लावलेलं.

चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत तो मी देऊन टाकला,
ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वसंतात.
दोनशे नव्वद पौंडांवरून एकशे बहात्तरवर आले होते मी.
सापाने कात टाकावी तसा टाकला,
आणि साप काही
कातीची घडी घालत बसत नाही.

सहा डॉलरला डोलिनाने घेतला.
तेव्हापासून माझा लठ्ठपणा
माबूच्या रस्त्यावरून एकटाच हिंडायचा,
पोस्टात जायचा, पाव आणायचा,
माझी स्कूलबस दिसली की हात करायचा.
मीही करायचे,
गाव सोडून गेलेल्या शेजाऱ्याला करावा तसा.

मग नोव्हेंबरात केस विंचरताना कानशील ठणकलं.
टोस्ट चावता चावता जबडा दमला.
एका सकाळी डाव्या डोळ्यावर राखाडी पडदा,
दहा मिनिटं.
नशीब, बस अजून अंगणातच होती,
एकोणीस सीटा रिकाम्या.

डॉक्टर थेरियो म्हणाली, शिरेला सूज आहे.
आजपासून स्टेरॉइड, साठ मिलिग्रॅम.
वजन वाढेल.
उद्या बर्फ पडेल म्हणावं, तशी म्हणाली.
मी विचारलं, किती?
ती म्हणाली, डोळे दोनच असतात, रोडा.

पहाटे तीनला पोटात कावळे ओरडतात.
हॅलिफॅक्सच्या सर्जनने पोट कापून
केळ्याएवढं ठेवलंय,
एवढे कावळे बसतात कुठे?
चार घास. पाचव्याला छातीत दगड.
तासाने पुन्हा चार घास.
ओटची बिस्किटं, काकवी, उभ्यानेच,
दिवा न लावता,
जणू घरात मी सोडून कुणी आहे
ज्याच्यापासून लपवायचं.

चेहरा टम्म फुगला.
फिनले, वय सहा, पायरीवरच थांबून म्हणाला,
तू बदललीस का, की ही दुसरी ड्रायव्हर?
दोन्ही, म्हटलं. बस आत.
दुकानात कुणी काही बोललं नाही,
फक्त माझ्या टोपलीत काय आहे ते पाहिलं.
ये रे माझ्या मागल्या, असं ते पाहणं.
मला ओरडायचं होतं: गोळ्या आहेत गोळ्या!
पण काकवीची बाटलीही होतीच टोपलीत.

फेब्रुवारीत दोनशे एकवीस.
एकही कोट पुढून मिटेना.
मर्डॉकचा पार्का घालून बस चालवत होते,
मेलेल्या माणसाचा वास नाकाशी घेऊन,
तर वादळात डोलिना थांब्यावर उभी.
मुलं उतरली तशी चढून आत आली,
बटणं काढायला लागली.
घे, म्हणाली, तुझाच आहे.
मला मोठा होतोय आता.

मी म्हणणार होते, नशीबवान आहेस.
शब्द जिभेवर आलाच होता.
मग तिची मनगटं दिसली.
बाहीतून दोन काड्या बाहेर आलेल्या.
किती दिवसांपासून? म्हटलं.
नाताळापासून, ती म्हणाली,
आणि मी कुणाकडून काही कापून घेतलेलं नाही, रोडा.

वायपर फिरत राहिले.
वर्षानुवर्षं मी मापं घेतली,
कंबर, दंड, सीटबेल्टची उरलेली पट्टी.
कुणाचं कमी झालं की
अभिनंदन करायची सवय लागली होती तोंडाला.

गुरुवारी तिला सिडनीला नेते आहे, तपासणीला.
दोन तास, बर्फाचा रस्ता.
डॉक्टर म्हणते, डोळे ठीक आहेत, गाडी चालव.
गोळी चाळिसावर आली.
वजन नाही आलं खाली. येईलच असंही नाही.

कोट स्वयंपाकघरात खुर्चीवर आहे.
कुणी घालायचा ते ठरलेलं नाही.
निळं बटण एका धाग्यावर लोंबत होतं,
म्हणून रात्री शिवायला घेतलं.
दिवा लावून बसले.
सुईत दोरा ओवला,
पहिल्याच खेपेला.